अस्मानी की सुलतानी? : फुकुशिमानंतरच्या अणुसुरक्षा-चर्चेची भाषा

प्रस्तावना

मराठी समाजाने संकटांची विभागणी 'अस्मानी' आणि 'सुलतानी' अशा दोन शब्दांत केलेली आहे. अवर्षण, महापूर, भूकंप ही अस्मानी संकटे. जाचक सारा, लूटमार आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाई ही सुलतानी. ही विभागणी केवळ वर्णनापुरती नाही. संकट अस्मानी ठरले म्हणजे जाब कोणाला विचारायचा हा प्रश्न संपतो; सुलतानी ठरले तर तो सुरू होतो. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जे घडले, त्याविषयीची सार्वजनिक चर्चा या दोन ध्रुवांमध्येच हेलकावत राहिली आहे. अणुऊर्जा हवी की नको, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या चर्चेतील काही कळीचे शब्द आणि एक महत्त्वाचा अहवाल यांची चिकित्सा करून, जबाबदारीचा प्रश्न शब्दांच्या आधाराने कसा दूर सारला गेला, हे येथे तपासले आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची येथील सहा अणुभट्ट्यांपैकी चालू असलेल्या पहिल्या तीन भट्ट्या आपोआप बंद पडल्या. उरलेल्या तीन तपासणीसाठी आधीच बंद होत्या. भट्टी बंद झाली तरी तिच्यातील किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता निर्माण होतच राहते आणि ती काढून घेण्यासाठी पाणी सतत फिरते ठेवावे लागते. भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा आणीबाणीची डिझेल जनित्रे सुरू झाली. सुमारे ५० मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने यंत्रगृहांच्या तळघरांतील जनित्रे आणि विद्युत फलक पाण्याखाली घातले. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या भट्टीतील इंधन वितळले. १२, १४ आणि १५ मार्चला पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या भट्टीच्या इमारतींत हायड्रोजनचे स्फोट झाले. पाचवी व सहावी भट्टी वाचली, कारण सहाव्या भट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र चालू राहिले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

'सोतेइगाइ' : कल्पनेपलीकडचे काय होते?

दुर्घटनेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत जपानी वृत्तपत्रांत, कंपनीच्या निवेदनांत आणि तज्ज्ञांच्या तोंडी एक शब्द सारखा येत राहिला : 'सोतेइगाइ'. त्याचा ढोबळ अर्थ 'कल्पनेपलीकडचे' असा सांगितला जातो. परंतु नेमका अर्थ 'गृहीतकाच्या बाहेरचे' असा आहे. या दोन अर्थांतील अंतर लहान नाही. कल्पनेपलीकडचे जे असते ते कोणालाच सुचलेले नसते. गृहीतकाच्या बाहेरचे मात्र कोणीतरी बाहेर ठेवलेले असते, कारण गृहीतक हे माणसाने काढलेल्या रेषेसारखे असते. एकच शब्द दोन्ही अर्थ वाहत असल्यामुळे दुसऱ्या अर्थाची वस्तुस्थिती पहिल्या अर्थाच्या सहानुभूतीखाली झाकली गेली.

ही रेषा कुठे काढलेली होती, याची नोंद उपलब्ध आहे. प्रकल्पाला परवानगी मिळाली तेव्हा, १९६० च्या चिलीतील भूकंपामुळे जपानच्या किनाऱ्यावर आलेल्या लाटेचा आधार घेऊन, त्सुनामीची उंची ३.१ मीटर धरण्यात आली. २००२ मध्ये ती ५.७ मीटर करण्यात आली. प्रत्यक्ष आलेले पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढले. मूळचा समुद्रकडा सुमारे ३५ मीटर उंच होता आणि तो कापून पहिल्या चार भट्ट्यांसाठी १० मीटरची पातळी तयार करण्यात आली होती. निसर्गाने दिलेली उंची माणसाने स्वतःहून कमी केली, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी 'अस्मानी' या शब्दाचा आधार बराच ढासळतो.

इशारेही नव्हते असे नाही. इ.स. ८६९ मधील जोगान त्सुनामीने सेंदाईच्या मैदानात आतपर्यंत वाहून आणलेल्या वाळूच्या थरांचा अभ्यास भूवैज्ञानिकांनी १९९० पासून प्रसिद्ध केलेला होता. २००२ मध्ये शासनाच्याच भूकंप संशोधन मंडळाने उत्तर सानरिकूपासून बोसोपर्यंतच्या सागरी खंदकालगत कोठेही ८.२ तीव्रतेचा त्सुनामीकारक भूकंप होऊ शकतो, असा दीर्घकालीन अंदाज वर्तवला. २००८ मध्ये टोकियो इलेक्ट्रिक पॉवर अर्थात टेप्को या कंपनीच्या अंतर्गत गणितात १५.७ मीटर ही संख्या निघाली. त्यावर उपाययोजना करण्याऐवजी विषय स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे अधिक अभ्यासासाठी सोपवण्यात आला. २००९ मध्ये भूवैज्ञानिक युकिनोबु ओकामुरा यांनी शासकीय समितीच्या बैठकीत जोगान त्सुनामीचा विचार का केला जात नाही, असे विचारले होते. १५.७ मीटरचा हिशेब नियामक यंत्रणेपुढे ठेवला गेला तो ७ मार्च २०११ रोजी, म्हणजे दुर्घटनेच्या चार दिवस आधी. जी संख्या कंपनीच्या कपाटात तीन वर्षे होती, तिला कल्पनेपलीकडची म्हणता येत नाही.

कोबे विद्यापीठातील भूकंपशास्त्रज्ञ कात्सुहिको इशिबाशी यांनी तर १९९७ मध्येच 'गेन्पात्सु-शिन्साइ' असा जोडशब्द घडवला होता. भूकंपाची आपत्ती आणि अणुवीज केंद्राची आपत्ती एकाच वेळी येऊन एकमेकींना वाढवतात, मदतकार्यच अशक्य करून टाकतात, असा त्याचा आशय. समाजाच्या शब्दकोशात एखाद्या आपत्तीचे नाव ती येण्याच्या १४ वर्षे आधी दाखल झालेले असावे आणि ती आल्यावर तिला अकल्पित म्हटले जावे, ही विसंगती भाषेच्या अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये.

अशीच एक रेषा शब्दांनी काढलेली होती. १९९० च्या सुरक्षा-आराखड्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, दीर्घकाळ वीज खंडित राहण्याचा विचार करण्याची गरज नाही, कारण तारा दुरुस्त होतील किंवा आणीबाणीची जनित्रे पूर्ववत केली जातील अशी अपेक्षा धरता येते, अशा आशयाचे कलम होते. त्या कलमात पाण्याच्या उंचीचा उल्लेखही नाही; तरीही ११ मार्चच्या रात्री नियंत्रण कक्षांत पसरलेल्या अंधाराशी त्याचा संबंध कोणत्याही लाटेपेक्षा कमी नव्हता. डिसेंबर २००६ मध्ये अणुअभियांत्रिकी शिकलेले संसद सदस्य हिदेकात्सु योशीई यांनी वीजपुरवठा संपूर्ण खंडित झाल्यास काय होईल, असा लेखी प्रश्न विचारला होता. तशी स्थिती येऊ नये यासाठी सुरक्षेची पूर्ण दक्षता घेतली जाते, या धर्तीचे उत्तर शासनाकडून आले. प्रश्न 'झाल्यास' असा होता आणि उत्तर 'होणार नाही' असे.

एकाच अहवालाच्या दोन प्रस्तावना

'सोतेइगाइ' या शब्दावरचा सर्वांत वजनदार आघात जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने केला. वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक कियोशी कुरोकावा हे त्याचे अध्यक्ष. इशिबाशी, नोबेल पारितोषिकविजेते कोइची तानाका आणि अणुभट्टीच्या दाबपात्राच्या रचनेवर पूर्वी काम केलेले अभियंते मित्सुहिको तानाका हे सदस्यांपैकी काही. ५ जुलै २०१२ रोजी सादर झालेल्या अहवालाने ही आपत्ती स्पष्टपणे मानवनिर्मित ठरवली. शासन, नियामक आणि कंपनी यांच्या संगनमताची, नियामकच नियंत्रित कंपनीच्या कह्यात गेल्याची मांडणी त्यात पुराव्यांसह आहे. हजाराहून अधिक साक्षीदारांशी बोलून, बैठका लोकांसाठी खुल्या ठेवून तयार झालेला हा दस्तऐवज जपानी सार्वजनिक जीवनातील एक मोठे धाडस होते, यात शंका नाही. केवळ सुलतानी या निष्कर्षासाठी त्याचे स्वागत करून थांबणे मात्र योग्य ठरणार नाही.

कारण या अहवालाला दोन प्रस्तावना आहेत. जपानी प्रस्तावनेत अध्यक्षांनी फुकुशिमातच जन्मलेल्या आणि येल विद्यापीठात शिकवलेल्या इतिहासकार कानइची आसाकावा यांचे स्मरण केले आहे. रशिया-जपान युद्धानंतर स्वदेशाच्या वाटचालीविषयी आसाकावांनी १९०९ मध्ये पुस्तक लिहून इशारा दिला होता. पुढे तीच प्रस्तावना एकाच संस्थेत आयुष्य काढणारे अधिकारी, पूर्वसुरींचे धोरण मोडायचे नाही ही त्यांची धारणा आणि संस्थेचे हित लोकांच्या जीविताआधी ठेवण्याची सवय यांवर बोट ठेवते. म्हणजे तिचा रोख विशिष्ट पदांवरील विशिष्ट वर्गाकडे आहे. इंग्रजी प्रस्तावनेत मात्र ही आपत्ती मुळात जपानी घडणीची असल्याचे म्हटले आहे आणि आज्ञाधारकपणा, अधिकाराला प्रश्न न विचारणे, समूहनिष्ठा, बंदिस्तपणा या 'संस्कृती'च्या लक्षणांत तिची मुळे शोधली आहेत. जबाबदार व्यक्तींच्या जागी दुसरे जपानी असते तरी बहुधा हेच घडले असते, असेही तेथे सुचवले आहे.

घरच्या वाचकासाठी एक कारण आणि परक्या वाचकासाठी दुसरे, यावर त्याच वेळी टीका झाली. जपानचे अमेरिकी अभ्यासक जेराल्ड कर्टिस यांनी सांस्कृतिक कारणमीमांसा ही जबाबदारीतून सुटका असल्याचे दाखवून दिले. ही टीका रास्त आहे. परंतु तिच्या पुढे एक पाऊल टाकता येते. इंग्रजी प्रस्तावना ही 'सोतेइगाइ' याच शब्दाची दुसरी आवृत्ती ठरते. पहिलीत दोष निसर्गाचा होता, दुसरीत संस्कृतीचा. आणि संस्कृती ही निसर्गाइतकीच बेचेहरा असते. तिला साक्षीला बोलावता येत नाही, तिच्यावर आरोपपत्रही ठेवता येत नाही. अहवालाच्या शेकडो पानांनी जे सुलतानी म्हणून सिद्ध केले, ते प्रस्तावनेच्या एका पानाने पुन्हा अस्मानी करून टाकले.

संस्कृतीच कारण असती, तर ओनागावाचा उलगडा होत नाही. तोहोकु इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीचे ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला फुकुशिमा दाइइचीपेक्षा अधिक जवळ होते. तेथेही सुमारे १३ मीटरची लाट आली. परंतु केंद्राची पातळी १४.८ मीटर ठेवलेली होती. भूकंपात जमीन सुमारे एक मीटर खचूनही मुख्य इमारती वाचल्या. ही उंची राखण्याचा आग्रह कंपनीचे माजी उपाध्यक्ष यानोसुके हिराई यांनी धरला होता, आणि त्यामागे जोगान त्सुनामीची आठवण होती, असे सांगितले जाते. किनाऱ्यावरची घरे वाहून गेल्यावर तीनशेहून अधिक गावकऱ्यांनी याच अणुवीज केंद्राच्या व्यायामशाळेत आसरा घेतला. हिराई हेही जपानीच होते, त्याच शिक्षणव्यवस्थेतून आलेले, त्याच ज्येष्ठताक्रमात वाढलेले. तीच संस्कृती, तोच समुद्र, तेच नियामक. फरक पडला तो एका बैठकीत ठरलेल्या उंचीमुळे. (ओनागावाची संपूर्ण भिस्त उंचीवर नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. बाहेरून येणाऱ्या पाच वीजवाहिन्यांपैकी एक शाबूत राहिली, हा दैवाचा भाग.)

'मिथक', 'खेडे' आणि बनावट नागरिक

अणुऊर्जेच्या विरोधकांनी रूढ केलेले शब्दही याच कसोटीवर घासून पाहावे लागतात. 'आन्झेन शिन्वा', म्हणजे सुरक्षिततेचे मिथक, हा शब्द दुर्घटनेनंतर सर्वतोमुखी झाला. तो प्रभावी आहे. परंतु मिथकाला कर्ता नसतो, ते लोकमानसात आपोआप रुजते. ही धारणा मात्र शाळांतील पुस्तिका, जाहिराती आणि स्थानिक अनुदाने यांतून पैसे खर्चून घडवलेली होती. 'गेन्शिर्योकु मुरा', म्हणजे अणुऊर्जेचे खेडे, हा कंपन्या, मंत्रालय, प्राध्यापक आणि माध्यमे यांच्या साटेलोट्याला दिलेला शब्द अधिक नेमका आहे. पण 'खेडे' म्हटल्याने त्या गोतावळ्याला एक घरगुती छटा येते, आणि ज्या खऱ्या खेड्यांना आपली शेते-मंदिरे सोडून जावे लागले त्यांचे नाव दोषींना चिकटते. ओकुमा, फुताबा, नामिए येथील विस्थापितांना या शब्दाने काय वाटले असेल, याचा विचार शब्द वापरणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

चर्चेच्या रीतीविषयी दोन प्रसंग पुरेसे बोलके आहेत. जून २०११ मध्ये गेन्काई येथील भट्ट्या पुन्हा सुरू करण्याविषयीचा कार्यक्रम प्रसारित होणार होता. क्युशू इलेक्ट्रिक पॉवर कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सामान्य नागरिक असल्याचे भासवून अनुकूल ई-मेल पाठवण्यास सांगण्यात आल्याचे जुलैमध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी शासनाने २०३० मधील अणुऊर्जेच्या वाट्यासाठी शून्य, १५ आणि २० ते २५ टक्के असे तीन पर्याय लोकांपुढे ठेवले. त्यावरील जाहीर सुनावण्यांत वीज कंपन्यांचेच कर्मचारी वक्ते म्हणून निवडले गेल्याने गदारोळ झाला. तरीही त्या उन्हाळ्यातील विचारमंथनावर आधारित जनमत चाचणी महत्त्वाची ठरली. माहिती वाचून आणि दोन दिवस चर्चा करून परतलेल्या सहभागींत शून्य पर्यायाचा पाठिंबा सुमारे एक-तृतीयांशावरून जवळजवळ निम्म्यावर गेला. अधिक माहिती मिळाली की लोकांची 'अनाठायी भीती' ओसरेल, हे तज्ज्ञवर्गाचे आवडते गृहीतक येथे टिकले नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये शासनाने २०३० च्या दशकात शून्यावर येण्याचे धोरण जाहीर केले, परंतु मंत्रिमंडळाने तो दस्तऐवज संपूर्ण स्वीकारण्याचे टाळले. डिसेंबरमध्ये सत्ताबदल झाला आणि चर्चा निर्णयापर्यंत पोहोचलीच नाही.

मृतांच्या आकड्यांनाही दोन्ही बाजूंनी वेठीला धरले. त्सुनामीने बळी गेलेल्या व बेपत्ता झालेल्या १८ हजारांहून अधिक माणसांची आणि अणुदुर्घटनेची गल्लत काही विरोधकांच्या लेखनात होत राहिली. ती अप्रामाणिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, किरणोत्सर्गामुळे कर्करोगात ओळखता येईल अशी वाढ अपेक्षित नसल्याचे म्हटले आहे, हे मान्य करावे लागते. मात्र समर्थक जेव्हा किरणोत्सर्गाने कोणी मेले नाही असे म्हणून विषय संपवतात, तेव्हा फुताबा रुग्णालयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. घाईघाईच्या स्थलांतरात त्या रुग्णालयातील आणि त्याच्या वृद्धाश्रमातील ४० हून अधिक अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये, थांब्यांवर, उपचारावाचून दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांनी झालेले 'आपत्तीसंबंधित मृत्यू' २,३०० च्या वर गेले. तेथे थेट भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. ज्या संकटात पळणेच जीवघेणे ठरते, त्याचे मोजमाप केवळ किरणोत्सर्गाच्या मात्रेने करणे हाही गृहीतकाची रेषा सोयीने काढण्याचाच प्रकार होय.

२०२३ च्या ऑगस्टपासून साठवण टाक्यांतील पाणी समुद्रात सोडण्यात येऊ लागले, तेव्हा तर वाद जवळजवळ नावापुरताच उरला. जपानी शासनाला ते 'प्रक्रिया केलेले पाणी' वाटत होते, चीनला 'अणुदूषित पाणी'. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने योजना सुरक्षा-मानकांशी सुसंगत असल्याचे म्हटले होते. कोळ्यांची तक्रार मात्र ट्रिशियमपेक्षा वचनभंगाची अधिक होती : संबंधितांच्या संमतीवाचून पाणी सोडणार नाही, असे त्यांना २०१५ मध्ये लेखी कळवण्यात आले होते.

न्यायालयातील पुनरागमन

२०१२ च्या अहवालाने बाद ठरवलेला शब्द न्यायालयांतून वेगळ्या पोशाखात परतला. १७ जून २०२२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यसंस्थेवर दायित्व येत नाही असा निर्णय दिला. अंदाजित त्सुनामीवर आधारित उपाय योजायला लावले असते तरी प्रत्यक्षातील लाट इतकी मोठी होती की दुर्घटना टळली नसती, असे त्याचे तर्कशास्त्र. न्यायमूर्ती मामोरु मिउरा यांनी भिन्न मत नोंदवून, इमारती जलरोधक करण्याचा उपाय उपलब्ध होता याकडे लक्ष वेधले. पुढच्याच महिन्यात टोकियो जिल्हा न्यायालयाने भागधारकांच्या दाव्यात चार माजी अधिकाऱ्यांना १३ लाख कोटी येनहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. फौजदारी खटल्यातील निर्दोष मुक्तता मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. एवढ्या मोठ्या लाटेचा अंदाज बांधणे आरोपींना शक्य नव्हते, हा या निर्णयांचा गाभा. फौजदारी कायद्यात पुराव्याची कसोटी कडक असणे योग्यच आहे. परंतु 'शिक्षेस पात्र नाही' आणि 'कोणी ठरवलेच नव्हते' ही दोन वेगळी विधाने होत. वृत्तान्तांतून ती एकच होऊन वाचकापर्यंत पोहोचली.

कोकणच्या संदर्भात

या चर्चेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. जैतापूर येथे सहा भट्ट्यांच्या, ९,९०० मेगावॅटच्या प्रकल्पाला पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे फुकुशिमाच्या चारच महिने आधी मिळाली होती. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. तेव्हापासून मराठीतील वाद बहुतांशी 'येथे तसा भूकंप होत नाही' आणि 'येथेही फुकुशिमा होईल' या दोन वाक्यांत अडकला. पहिले वाक्य उच्चारणाऱ्यांनी कोयना आठवायला हवी होती. ११ डिसेंबर १९६७ पर्यंत दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. किल्लारीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. दुसरे वाक्य उच्चारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे होते, की भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ जपानसारखा सागरी खंदक नाही. मकरानचा आहे, पण तो दूर आहे. रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी २०११ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जैतापूरच्या भूकंपीयतेविषयी लेख लिहिला व त्याला त्याच नियतकालिकात उत्तरही दिले गेले. हा वाद मराठी वृत्तपत्रांतील घोषणांपेक्षा कितीतरी उपयुक्त होता, कारण तो रेषा कुठे काढायची याविषयी होता.

माडबनचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच असल्याने त्सुनामीचा धोका नाही, असे प्रकल्पाच्या बाजूने वारंवार सांगितले गेले. ओनागावाच्या अनुभवानंतर उंचीचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. तथापि फुकुशिमा दाइइचीतही भट्ट्या १० मीटरवर असताना समुद्राचे पाणी खेचणारे पंप ४ मीटरवर होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कम येथे पाणी शिरले ते पंपगृहात. तेथील भट्टी सुरक्षितपणे बंद करता आली. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या केंद्राचे पंप पठार कितीही उंच असले तरी पाण्याजवळच बसवावे लागतात. ते पंप किती उंचीवर असतील, ते बुडाल्यास किती तास आणि कशाच्या बळावर भट्टी थंड ठेवली जाईल, ही गृहीतके कोणत्या कागदावर कोणाच्या सहीने नोंदवली आहेत आणि तो कागद राजापूर तालुक्यातील गावकऱ्यांना मराठीत वाचायला मिळतो काय, याचे उत्तर २५ मीटर या आकड्यात नाही.